जुन्या मोटारीची पत्रिका

आपल्याकडे मुलीसाठीं स्थळ पाहावयाचें झालें म्हणजे घरांतील वडील माणसें गोत्र विचारतात, पत्रिका मागवितात, मुलाच्या गांवीं कोणी ओळखीचें आहे कीं काय याचा शोध करितात. आणि एवढें होऊनहि एखादी चतुर आत्या ‘अजून जरा बाहेरून चौकशी करा’ असें सुचवितेच. बाजारांतून मातीचा माठ घ्यावयाचा तरी आपण तो बोटानें वाजवून घेतों. परंतु चार-साडेचार लाख रुपये मोजून जुनी मोटार घरीं आणतांना याच चौकस घरांतील मंडळी गाडीचा चकचकीत रंग, आसनांवरील नव्या खोळी आणि विकणाराचें गोड बोलणें एवढ्यावर संतुष्ट होतात, हें मीं अनेक ठिकाणीं पाहिलें आहे. दुसऱ्यांचें कशाला? ही चूक माझ्याच घरीं, माझ्याच संमतीनें झाली. तीस वर्षें मुलांना व्याकरण व थोडा न्याय शिकविणाऱ्या मास्तराला प्रसंगीं प्रमाणांचा विसर पडला. तो विसर किती महाग पडला, हें वाचकांपुढें प्रांजळपणें मांडावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आमचें गव्हाण हें पनवेल तालुक्यांतील, पनवेल व उरण यांच्या दरम्यानचें खाडीलगतचें गांव. भातशेती, मिठागरें व मासेमारी यांवर जगणाऱ्या या टापूंतील जमिनी १९७० नंतर नव्या मुंबईसाठीं संपादन होऊं लागल्या. १९८९ सालीं शेजारीं न्हावा-शेव्याचें बंदर सुरू झालें. १२ जानेवारी २०२४ रोजीं शिवडीहून समुद्रावरून येणारा अटल सेतु खुला झाला. आणि २०२५ च्या डिसेंबरांत उलव्याच्या बाजूच्या विमानतळावरून विमानें उडूं लागलीं. अशा स्थितींत येथील घरोघरीं मोटार आली यांत नवल नाहीं. मात्र आमचे रस्ते म्हणजे कंटेनरच्या ट्रेलरांची अखंड रांग, बांधकामाची धूळ आणि खाडीवरचा खारा वारा. मोटारीस यांहून कठोर परीक्षक मिळणें कठीण.

माझ्या थोरल्या बंधूंच्या मागें वहिनी व पुतण्या असें दोघांचेंच कुटुंब. पुतण्याला नोकरीनिमित्त रोज बरेंच लांब जावें लागे, म्हणून डिझेलची मोटार स्वस्त पडेल असा त्यानें हिशेब केला. नवी लहान डिझेल मोटार मिळणें दुरापास्त झालेलें. १ एप्रिल २०२० पासून धुराविषयींचे ‘बीएस-६’ हे कडक नियम देशभर लागू झाले, तेव्हां मारुतीसारख्या मोठ्या कंपनीनें डिझेल मोटारी बनविणेंच सोडून दिलें. तेव्हां जुनीच घ्यावयाची ठरली. वहिनींनीं आपल्या पाटल्या मोडल्या, कांहीं शिल्लक काढली, आणि २०२४ च्या दसऱ्याला गाडी दारांत आली. नोंदणी २०१७ सालची. कांट्यावर ५८,००० किलोमीटर. ‘सर्व्हिसची वही कोठें आहे?’ असें मीं विचारलें होतें. ‘पहिल्या मालकानें घर बदललें त्यांत हरवली, पण मास्तर, सगळी सर्व्हिस वेळच्या वेळीं झालेली आहे,’ असें विकणारा म्हणाला. मीं मान हलविली. त्या मान हलविण्याचा मला अद्यापि पश्चात्ताप होतो.

माघांतील एका लग्नासाठीं सर्व मंडळी पुण्यास निघालीं. रात्रीच्या वेळीं खंडाळ्याच्या चढावर इंजिनांतून शिटीसारखा आवाज येऊं लागला, ओढ एकदम कमी झाली, मागें निळ्या धुराचा लोट उठला आणि गाडी बंद पडली. आंत वहिनी आणि त्यांची ऐंशी वर्षांची आई. बाजूनें अजस्र ट्रेलर घोंघावत चाललेले. दोन तास तीं दोघीं रस्त्याच्या कठड्यापलीकडे अंधारांत बसून राहिलीं. देवाच्या कृपेनें जिवावरचें टळलें. गाडी ओढून पनवेलला आणिली, तेव्हां मिस्त्रीनें इंजिनाचें खालचें झाकण काढून आम्हांला दाखविलें. तेलाच्या जागीं डांबरासारखा काळा, घट्ट चिखल होता. त्या चिखलानें तेलाच्या बारीक वाटा बुजल्या व टर्बो कोरडा फिरून जळाला. मग त्यानें बॅटरीच्या मागें बोट दाखविलें. तेथें तेल बदलल्याची, अर्धवट खरवडलेली एक चिठ्ठी चिकटलेली होती: मार्च २०२१, पुढील ऑईल १,३०,००० किलोमीटरला. तीन वर्षांपूर्वीं सव्वा लाखाच्या आसपास धांवलेली गाडी आमच्या दारांत अठ्ठावन्न हजारांची होऊन आली होती! दुरुस्तीला एक लाख पंधरा हजार रुपये लागले.

यंत्राला तेल न बदलल्यानें एवढें कां व्हावें, हें समजण्यासाठीं डिझेल-यंत्राचा स्वभाव जाणला पाहिजे. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याला १८९३ सालीं आपल्या कल्पनेचें पेटंट मिळालें, आणि १८९७ सालीं ऑग्सबर्ग येथें त्याचें यंत्र यशस्वी रीतीनें चाललें. पेट्रोलच्या यंत्रांत ठिणगीनें इंधन पेटतें. डिझेलच्या यंत्रांत ठिणगी नाहींच. हवा इतकी दाबली जाते कीं ती दाबानेंच लाल कोळशासारखी तप्त होते, आणि तींत इंधनाचा फवारा पडतांच तें आपोआप पेट घेतें. १९३६ सालीं मर्सिडीज-बेंझनें हें यंत्र प्रवासी मोटारींत आणिलें. आपल्याकडे १९९८ सालीं पुण्यांत टाटांनीं इंडिका काढिली, तेव्हांपासून मध्यमवर्गाच्या दारीं डिझेल मोटार दिसूं लागली. त्या काळचें यंत्र खडबडीत पण सोशिक होतें. हल्लींच्या ‘कॉमन रेल’ पद्धतींत इंधनाचा दाब १,६०० बार, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या दीड हजार पटींहून अधिक असतो, आणि ज्या छिद्रांतून फवारा उडतो तीं केसाएवढीं बारीक. त्यांत पाण्याचा थेंब अथवा धुळीचा कण गेला तर हजारों रुपयांचा इंजेक्टर निकामी होतो. म्हणून इंधनाची गाळणी, म्हणजे डिझेल फिल्टर, वेळेवर बदलावी लागते. टर्बोचा दांडा तर मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेतो, आणि तो ज्या आधारांवर फिरतो तेथें तेलाचा पातळ थर हाच काय तो पाठीराखा. तेल बिघडलें कीं टर्बो गेलाच समजावा.

बहुतेक कंपन्या आपल्या डिझेल मोटारींस १०,००० ते १५,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकीं जें आधीं पुरें होईल त्या वेळीं सर्व्हिस सांगतात. या वाक्यांतील ‘किंवा’ या अव्ययाकडे लोक दुर्लक्ष करितात. गाडी वर्षांत चारच हजार धांवली, म्हणून तेल बदलण्याचें कारण नाहीं, हा भ्रम आहे. तेलांत काजळी मिसळते, ओलावा व न जळलेलें इंधन उतरतें, आणि त्यांतील औषधी द्रव्यें काळानेंहि क्षीण होतात. शिवाय धूळ, चढ, वाहतुकींतील खोळंबा अशा कठोर वापरांत हें अंतर कमी करावें असेंहि कंपनीच्या पुस्तकांत लिहिलेलें असतें. आमच्या उरण रस्त्यावरील वापर हा कठोर नव्हे तर काय?

आतां परीक्षेकडे वळूं. नैयायिकांनीं सांगितलेल्या प्रमाणांपैकीं शब्द, प्रत्यक्ष व अनुमान हीं तीन येथें पुरेशीं आहेत.

शब्दप्रमाणांत आप्ताचा शब्द ग्राह्य मानितात. आप्त म्हणजे ज्याला वस्तुस्थिति ठाऊक आहे आणि खोटें बोलण्यांत ज्याचा स्वार्थ नाहीं तो. विकणारा कितीहि सज्जन असला तरी या व्यवहारांत तो आप्त नव्हे. परंतु त्या त्या वेळीं, त्रयस्थानें, दिनांक व किलोमीटर घालून केलेली नोंद आप्तवाक्याच्या जवळ जाते. म्हणून वही मागावी. नुसते शिक्के न पाहतां बिलें मागावीं. सर्व नोंदी एकाच शाईनें, एकाच हातानें, एका बैठकींत लिहिल्यासारख्या दिसल्या तर सावध व्हावें. वही हरवली असेल तरी गाडी अधिकृत केंद्रांत गेलेली असल्यास त्यांच्या संगणकांत नोंदी राहतात. मालकास बरोबर घेऊन गाडीच्या क्रमांकावरून त्या काढवून घ्याव्या. मालक त्यास कांकूं करूं लागला तर तेंच उत्तर समजून उठावें.

मग साधा त्रैराशिकाचा हिशेब करावा. सात वर्षांच्या गाडीस निदान सात सर्व्हिसी हव्यात. ती वर्षाला पंधरा हजार धांवली असेल तर एकूण एक लाख पांच हजार होतात, आणि दर दहा हजारांस एक याप्रमाणें दहा नोंदी हव्यात. प्रत्येक नोंदींत किलोमीटरचा आंकडा मागच्याहून मोठा आहे कीं नाहीं, तें पाहावें. २०२० सालच्या टाळेबंदींत एखादी सर्व्हिस लांबली असेल तर तें समजतां येतें. परंतु दोन-दोन वर्षें कोरडीं गेलीं असतील तर इंजिनाच्या पोटांत काय सांचलें असेल याचा विचार करावा. काय काय बदललें तेंहि वाचावें: तेल व तेलाची गाळणी प्रत्येक वेळीं, डिझेल फिल्टर व एअर फिल्टर ठराविक अंतरानें, ब्रेकचें तेल व कूलंट पुस्तकांत सांगितलेल्या मुदतीनें.

एक मोठा खर्च मात्र पुष्कळांना ठाऊक नसतो. कांहीं इंजिनांत झडपांची उघडझांप सांभाळणारा रबरी पट्टा, म्हणजे टायमिंग बेल्ट, असतो. कांहींत लोखंडी सांखळी. रेनॉ डस्टरचें दीड लिटरचें डिझेल इंजिन, पहिल्या इनोव्हाचें अडीच लिटरचें इंजिन, फोक्सवॅगनचीं डिझेल इंजिनें यांत पट्टा आहे. स्विफ्टसारख्या अनेक गाड्यांत बसविलेल्या आणि पुण्याजवळ रांजणगांवींहि बनलेल्या फियाटच्या १.३ लिटर इंजिनांत सांखळी आहे. पट्टा ठराविक किलोमीटर अथवा वर्षांनीं बदलावाच लागतो. तो चालत्या गाडींत तुटला तर पिस्टन झडपांवर आदळतात व इंजिनाचा चुराडा होतो. पट्टा बदलल्याचें बिल नसेल तर तो बदललाच नाहीं असें धरून किंमत ठरवावी. सांखळीवाल्यांनींहि निश्चिंत राहूं नये. घाणेरड्या तेलांत सांखळीहि झिजते व सैल पडते.

आतां प्रत्यक्ष. गाडी पाहावयास सकाळीं जावें, आणि आपण येण्यापूर्वीं ती सुरू करूं नये असें सांगून ठेवावें. पोंचतांच बॉनेटवर हात ठेवावा. तें उबदार लागलें तर कांहींतरी लपविण्यासाठीं इंजिन आधींच तापविलें असण्याचा संभव आहे. थंड इंजिन एका दमांत सुरू व्हावें. तेल ओतण्याचें झाकण इंजिन बंद असतां उघडून आंत पाहावें. चिखलाचा थर असेल तर पुढें पाहण्याचें कारण नाहीं. आम्हीं हें एवढें झाकण त्या दिवशीं उघडलें असतें तर वहिनींच्या पाटल्या आज हातांत असत्या. नंतर वीस-तीस किलोमीटर गाडी चालवावी, त्यांत एखादा चढ असावा. खालून पत्रा पाहावा, कारण खाडीकांठच्या गाड्यांस गंज तळापासून लागतो. पुरांत बुडालेल्या गाडीचा तर विशेष धाक धरावा. २६ जुलै २००५ चा मुंबईचा महापूर किंवा जुलै २०२१ चा महाड-चिपळूणचा पूर, यांत किती गाड्या बुडाल्या हें आपण पाहिलें आहे. आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहिला कीं त्याच्या टोकास गाळाचा डाग सांपडतो. आसनांखालच्या रुळांत माती व गंज सांपडतो.

राहिलें अनुमान. पर्वतावर धूर पाहून अग्नि ओळखण्याचा दृष्टान्त प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असतो. डिझेल मोटारीइतका त्याचा उपयोग अन्यत्र क्वचित् होत असेल. निळा धूर म्हणजे इंजिन स्वतःचें तेल जाळीत आहे. न थांबणारा पांढरा धूर म्हणजे इंधन नीट जळत नाहीं अथवा कूलंट आंत शिरत आहे. दाट काळा धूर म्हणजे हवा अपुरी किंवा इंधन फाजील. एअर फिल्टर, टर्बो, ईजीआर व्हाल्व किंवा इंजेक्टर यांपैकीं कोठें तरी दोष आहे.

मात्र हेत्वाभासांपासून जपावें. तेलाच्या कांडीवर काळें तेल दिसलें म्हणून गाडी वाईट, हा पहिला हेत्वाभास. डिझेलच्या इंजिनांत नवें तेलहि काजळीनें लौकरच काळें होतें. इंजिन धुवून लख्ख केलें आहे म्हणून गाडी चांगली, हा दुसरा. धुण्यानें गळतीच्या खुणाहि जातात. कमी धांवलेली गाडी ती उत्तम, हा तिसरा व सर्वांत फसवा. कांटा मागें फिरवितां येतो, म्हणून इतर साक्षी विचाराव्या. टायरच्या कडेवर चार आंकडे असतात, त्यांत पहिले दोन आठवड्याचे व पुढचे दोन सालाचे. मूळचे टायर जाऊन दोनदां नवे बसले असतील तर पन्नास हजारांची कथा खरी मानूं नये. ब्रेकच्या पायटीचें रबर गुळगुळीत आणि स्टिअरिंगचें कातडें चकाकलेलें असेल तर गाडी पुष्कळ धांवली आहे. विम्याच्या कागदावरील ‘नो क्लेम बोनस’ पाहावा. तो पन्नास टक्के असेल तर निदान पांच वर्षें विमा कंपनीकडे नुकसानीची मागणी गेली नाहीं असें अनुमान निघतें.

२०२० नंतरच्या डिझेल गाडींत तर कमी धांवणें हा दोषहि ठरूं शकतो. धुरांतील काजळी अडविणारी ‘डीपीएफ’ नांवाची जाळी तिच्यांत असते. सांठलेली काजळी जाळण्यासाठीं त्या जाळीस सुमारें सहाशें अंश उष्णता लागते, आणि ती लांबच्या, एकसारख्या वेगाच्या प्रवासांतच नीट मिळते. घर ते शाळा, शाळा ते बाजार, असा दोन-तीन किलोमीटरांचा प्रवास करणाऱ्या कुटुंबाची जाळी चोंदते. ज्यांचें फिरणें एवढेंच आहे त्यांनीं डिझेलच्या वाटेस जाऊं नये, हें स्पष्ट सांगणें माझें कर्तव्य आहे.

कागदपत्रांविषयीं थोडें. नोंदणीपत्रावर गाडी कितव्या मालकाची, कर्जाचा बोजा आहे कीं काय, व ती प्रथम कोणत्या राज्यांत नोंदली गेली, हें पाहावें. दिल्ली परिसरांत दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर हरित न्यायाधिकरणानें २०१५ सालीं बंदी घातली व सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं ती उचलून धरली. २०२५ सालीं त्यांत सवलत मिळाली, परंतु दरम्यान तिकडील पुष्कळ गाड्या इतर राज्यांत विकल्या गेल्या. परप्रांतीय गाडी वाईटच असें नव्हे, पण तिचे ना-हरकत पत्र, येथील कर व नवी नोंदणी यांचा खर्च मनांत धरावा. आणि व्यवहार होतांच नांव बदलून घ्यावें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें नोंदणीपत्रावर ज्याचें नांव तोच मालक समजला जातो.

एवढें करून गाडी घेतली तरी पहिल्याच आठवड्यांत सर्व तेलें व गाळण्या बदलाव्या, तो दिवस वहींत लिहावा, आणि त्यासाठीं लागणारी रक्कम किमतींतून आधींच बाजूस काढून ठेवावी.

आतां आमच्या गाडीचें पुढें काय झालें तें सांगून लेख संपवितों. दुरुस्ती होण्यापूर्वीं एका दलालानें पुतण्यास निराळाच मार्ग सुचविला होता. इंजिनांत जाड तेल घालावें, म्हणजे आवाज दबतो. टर्बो कसाबसा जोडावा. कांटा तर कमीच दाखवितो आहे. महिनाभरांत गिऱ्हाईक मिळेल. पुतण्या तरुण, डोक्यावर कर्ज. त्याचें मन डळमळलें, आणि खरें सांगावयाचें तर माझेंहि क्षणभर डळमळलें. रात्रीं जेवणें झाल्यावर गोष्ट वहिनींच्या कानावर गेली. त्या भांडीं आवरीत होत्या. हात न थांबवितां त्या म्हणाल्या, “भावोजी, माझ्या पाटल्या गेल्या त्या गेल्या. आतां दुसऱ्या कोणाच्या घरच्या पाटल्या मोडायला आपण कारण होऊं नये. आणि त्या घरांतली म्हातारी माझ्या आईसारखी घाटांत बसली, तर तें पाप कोणाचें?” त्यावर कोणी कांहीं बोललें नाहीं. दुसऱ्या दिवशीं दुरुस्तीचे पैसे मीं माझ्या निवृत्तीच्या ठेवींतून काढून दिले. मान मींच हलविली होती.

गाडी सुधारली व चांगली चालली. पुतण्यानें दोनशें पानी वही आणिली. पहिल्या पानावर मीं स्वतः लिहिलें: ‘या गाडीचा कांटा खोटा आहे. मार्च २०२१ मध्यें ती सुमारें सव्वा लाख किलोमीटर धांवलेली होती असें चिठ्ठीवरून दिसतें.’ त्यापुढें प्रत्येक तेलबदल, प्रत्येक गाळणी, दिनांक, किलोमीटर आणि बिल. पुढें पुतण्याची बदली मुंबईस झाली, तेव्हां गाडी विकावयास काढिली. दोघे-तिघे पहिलें पान वाचून परत गेले. चौथे गृहस्थ उरणकडचे, माझ्यासारखेच शाळामास्तर. त्यांनीं तें पान दोनदां वाचलें, मग बिलें एकेक करून नोंदींशीं ताडून पाहिलीं, तेलाचें झाकण उघडून बोट फिरविलें आणि म्हणाले, “ज्यानें पहिलें पान असें लिहिलें, त्याचीं पुढचीं पानें खरीं मानायला मला हरकत दिसत नाहीं.”

बाजारभावापेक्षां साठ हजार रुपये कमी आले. वही त्यांच्या हातांत देतांना पुतण्यानें तिच्यांतून एक कोरा कागदहि फाडून घेतला नाहीं. पुढच्या नोंदींसाठीं तीं पानें लागणार होतीं.